दाट पट्टा स्तेपमध्ये चालत नाही

वाऱ्याला आडोसा म्हणून शेताकडेला लावलेला झाडांचा पट्टा जितका दाट तितकं शेताचं रक्षण जास्त, असं म्हणतात; स्तेपमध्ये, म्हणजे कोरड्या गवताळ मैदानात, हे उलटं पडतं. दाट पट्ट्यात बर्फ तिथेच ढिगाने साचतो, फांद्या मोडतात आणि शेत उघडं राहतं. म्हणून खालच्या फांद्या दीड-दोन मीटरपर्यंत छाटतात. वारा बुंध्यांमधून जातो, बर्फ शेतभर पसरतो, वसंतात तीच ओल.

बर्फाच्या ओलीइतकाच गवताचाही विचार हवा. कोवळ्या रोपांची ओल तेच ओढतं. लागवडीआधी वर्षभर जमीन नांगरून पडीक ठेवायची, मग फांद्या एकमेकींना भिडेपर्यंत ओळींमध्ये कोळपणी, त्यात चालढकल नको. स्तेपमध्ये असे पट्टे लावण्याच्या १९४८ च्या सोव्हिएत योजनेत कृषिशास्त्रज्ञ लिसेन्कोने ओक झाडाच्या बिया पुंजक्यांनी, धान्याच्या आडोशाला पेरायला लावल्या. धान्यानेच ओल पळवली आणि बहुतेक ओक गेले.