पाच खोल्यांचे होमस्टे: एसईओचे (गूगल शोधात संकेतस्थळ वर आणण्याचे) काम एजन्सीला द्यावे का?

खाडीकाठ (धागाकर्ता):
मालवण तालुक्यात देवबागच्या बाजूला आमचे पाच खोल्यांचे होमस्टे आहे. स्वयंपाकघर आई सांभाळते. पाहुण्यांचे फोन, हिशेब आणि संकेतस्थळ माझ्याकडे आहे. निम्म्याहून अधिक आरक्षणे बुकिंग ॲपांवरून येतात आणि प्रत्येक आरक्षणामागे साधारण १८ टक्के कमिशन जाते. थेट आरक्षणे वाढावीत म्हणून पुण्यातील एका एजन्सीकडून प्रस्ताव मागवला. महिन्याला १५,००० रुपये अधिक जीएसटी, किमान एक वर्षाचा करार, दरमहा आठ लेख आणि वीस बॅकलिंक (इतर संकेतस्थळांवरून आमच्याकडे येणारे दुवे), गूगल बिझनेस प्रोफाइलची (गूगल नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या खात्याची) देखभाल, आणि ‘तारकर्ली होमस्टे’ या शोधासाठी सहा महिन्यांत पहिल्या पानावर आणण्याची हमी, असे त्याचे स्वरूप आहे. बहिणीच्या मते हे सारे घरी करण्याजोगे आहे. माझा कल बाहेर देण्याकडे आहे, कारण हंगामात रात्रीची जेवणे उरकेपर्यंत लॅपटॉप उघडायलाही सवड मिळत नाही. दोन्ही बाजूंची मते हवी आहेत, मात्र ती कारणांसह द्यावीत.

ताळेबंद:
आधी आकडे मांडू. वर्षाचे १,८०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून खर्च २,१२,४०० रुपये होतो. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल, तर त्यातील ३२,४०० रुपयांची वजावट तुम्हाला मिळणार नाही. खोलीचे भाडे रात्रीला २,५०० रुपये धरले आणि जो पाहुणा तसाही ॲपवरून आला असता तोच थेट आला, तर तुमची बचत फक्त कमिशनची, म्हणजे ४५० रुपयांची. त्या हिशेबाने हा खर्च भरून निघायला ४७२ खोली-रात्री ॲपवरून थेट आरक्षणाकडे वळाव्या लागतील. पाच खोल्यांच्या वर्षभरात मिळून १,८२५ रात्री होतात, म्हणजे भर पावसाळ्यातील रिकामे दिवस धरूनही चौथ्या हिश्शाहून अधिक.

पाहुणा पूर्णपणे नवा असेल तर गणित सुधारते, हे मान्य आहे. पण नाताळात आणि मे महिन्यात तुमच्याकडे बहुधा खोलीच शिल्लक नसते. नवा पाहुणा उपयोगी पडतो तो जानेवारीतल्या मंगळवारी किंवा ऑगस्टमध्ये, आणि प्रस्तावात त्याचा उल्लेखही नाही. माझे मत विरोधात आहे.

शोधयंत्री:
मी कोल्हापुरात लहान उद्योगांसाठी हेच काम करतो, तेव्हा माझा हितसंबंध आधीच सांगून ठेवतो.

ताळेबंद यांचे आकडे चुकीचे नाहीत, परंतु खर्च बंद होताच परिणामही बंद होतो असे त्यांनी गृहीत धरलेले दिसते. जाहिरातीच्या बाबतीत ते खरे आहे. नीट बांधलेल्या संकेतस्थळाच्या बाबतीत नाही. शिवाय थेट आलेल्या पाहुण्याचा फोन क्रमांक तुमच्याकडे राहतो, पुढच्या वर्षी तो ॲप न उघडता तुम्हालाच फोन करतो, आणि ४५० रुपयांच्या हिशेबात हे कुठेच येत नाही.

दुसरे असे की ‘घरीच करू’ याचा अर्थ बहुतेक घरांत ‘करणारच नाही’ असा होतो. होमस्टेच्या संकेतस्थळावर हमखास आढळणारे दोष असे असतात: कॅमेऱ्यातून थेट चढवलेली पाच-सहा एमबीची छायाचित्रे, त्यामुळे गावातल्या नेटवर्कवर पान उघडायला लागणारा वेळ, केवळ छायाचित्राच्या रूपात टाकलेले दरपत्रक, आणि नवे संकेतस्थळ बनवताना पानांच्या जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे कायमची वळणे न दिल्यामुळे वाया गेलेली गूगल शोधातील जुनी पुण्याई. हे जाणकाराचे काम आहे आणि ते बाहेरच द्यावे.

हमीबाबत मात्र मी एजन्सीची बाजू घेणार नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच्या मार्गदर्शक पानावर लिहिलेले आहे, आणि पहिल्या पानाची हमी ही तिचीच धाकटी बहीण. बदल सुरू केल्यापासून फायदा दिसू लागायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, हेही तिथेच लिहिले आहे. त्यामुळे एक वर्षाच्या करारात मला गैर काही दिसत नाही.

वेंगुर्ल्याची:
माझा विरोध पैशांमुळे नाही, दरमहा आठ लेखांमुळे आहे. आमच्या परिचयातील एका न्याहारी-निवास चालवणाऱ्या कुटुंबाने असेच कंत्राट दिले होते. लेख वेळेवर येत होते, पण ते लिहिणाऱ्याने हा किनारा कधी पाहिला नसावा. एका लेखात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मजकुरावर विजयदुर्गाचे छायाचित्र होते, आणि दुसऱ्यात जुलै महिन्यात स्कुबा डायव्हिंगचा आनंद घेण्याचे निमंत्रण होते. पावसाळ्यात इथले जलक्रीडेचे व्यवसाय बंद असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो लेख वाचून आलेल्या पाहुण्यांची समजूत मात्र त्या कुटुंबाला घालावी लागली.

मग पाने वाढवायची म्हणून ‘तारकर्ली होमस्टे’, ‘देवबाग होमस्टे’, ‘वायरी होमस्टे’, ‘आचरा होमस्टे’ अशी तीच चार वाक्ये गावाचे नाव बदलून छापली गेली. अशा पानांना गूगलच्या नियमांत थारा नाही, आणि केवळ क्रमवारीसाठी ढिगाने तयार केलेल्या मजकुराविरुद्धचे नियम मार्च २०२४ मध्ये अधिक कडक झाले आहेत.

खाडीकाठ, पाहुणे तुम्हाला फोनवर काय विचारतात ते आठवून पाहा. कुडाळ स्टेशनवरून रात्री रिक्षा मिळते का, किल्ल्याची होडी कितीपर्यंत चालते, वृद्धांना तळमजल्याची खोली मिळेल का, शाकाहारी जेवणाला वेगळी भांडी आहेत का. या चार प्रश्नांची नेमकी उत्तरे तुमच्याइतकी चांगली कोणती एजन्सी लिहील? ‘तारकर्ली होमस्टे’ या शोधात बड्या ॲपांशी झुंजण्यात अर्थ नाही. पण या प्रश्नांवर त्यांचे लक्ष नसते.

शोधयंत्री:
वेंगुर्ल्याची यांनी सांगितलेला प्रकार वाईट एजन्सीचा आहे, आणि तसे नमुने आमच्या धंद्यात मुबलक आहेत हे मी नाकारत नाही. पण वाईट गवंडी भेटला म्हणून कोणी स्वतः भिंत बांधायला घेत नाही. माहिती मालकाने फोनवर सांगावी आणि लेखन-मांडणी आम्ही करावी, अशी विभागणी सहज शक्य आहे.

ताळेबंद:
विभागणी शक्य आहे, पण चांगली एजन्सी ओळखायची कशी, हा प्रश्न राहतोच. मालकाला त्या कामातले कळत नाही म्हणून तो काम बाहेर देतो, आणि कळत नाही म्हणूनच त्याला अहवाल तपासता येत नाही. डिसेंबरचा अहवाल सप्टेंबरशी ताडून ‘भेटींमध्ये तिप्पट वाढ’ असे दाखवले, तर ती वाढ एजन्सीची की नाताळच्या सुटीची? शोधातून आलेल्या भेटी दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात १६ महिन्यांची माहिती राहते. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशीच व्हायला हवी, आणि ती करायला लागतात जेमतेम दहा मिनिटे.

वीस बॅकलिंकांबद्दल अजून कोणी बोललेले नाही. दरमहा ठरावीक संख्येने दुवे मिळणार असतील तर ते कुणीतरी विकत घेत आहे, असेच मी समजेन. २०११ मध्ये अमेरिकेतील जे. सी. पेनी या बड्या दुकानसाखळीचे संकेतस्थळ अशाच दुव्यांच्या जोरावर वर आल्याचे वृत्तपत्राने उघड केले आणि गूगलने ते खाली ढकलले. आपल्याला कल्पना नव्हती असे सांगून कंपनीने एजन्सीला काढून टाकले, पण शोधांतील घसरण सोसावी लागली ती कंपनीला. तिच्याकडे ती पचवण्याची ताकद होती; पाच खोल्यांच्या घराकडे नसते.

कळफलक:
एकच विचारतो. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर आहे? बिझनेस प्रोफाइलवर एजन्सीला ‘व्यवस्थापक’ करा, ‘मालक’ नव्हे. सर्च कन्सोलवरही मालकी स्वतःकडे ठेवा. बाकीचा वाद नंतर.

वेंगुर्ल्याची:
प्रोफाइलच्या ‘देखभाली’त काय येते हेही विचारून घ्या. ते खाते फुकट आहे, आणि नकाशावरील स्थान शोधाशी असलेला संबंध, अंतर व प्रसिद्धी यांवर ठरते. गूगलला पैसे देऊन ते वर नेता येत नाही. छायाचित्रे टाकणे, सुटीतील वेळ बदलणे आणि रिव्ह्यूंना उत्तर देणे ही कामे बहीण फोनवरून करू शकेल. विकतचे रिव्ह्यू देऊ करत असतील तर तिथेच बोलणे थांबवा.

खाडीकाठ (धागाकर्ता):
सर्वांचे आभार. डोमेन आणि प्रोफाइल दोन्ही आमच्याच नावावर आहेत. एजन्सीला हमी आणि बॅकलिंक वगळून नवा प्रस्ताव मागितला. हमी त्यांनी लगेच काढली, बॅकलिंक काढल्यास दर कमी करण्याची तयारी दाखवली, परंतु वर्षाच्या करारावर ते ठाम आहेत. मी उलट असे सुचवले आहे की संकेतस्थळाची तांत्रिक तपासणी आणि दुरुस्ती एकरकमी मोबदल्यात करून द्यावी, आणि मजकूर आम्ही लिहू. त्यावर उत्तर आलेले नाही.

शोधयंत्री:
एकरकमी तपासणी मीही करतो, पण एक इशारा देतो. दुरुस्ती झाल्यावर मजकुराचे काम बहिणीकडे जाईल आणि मे महिना लागला की ते बाजूला पडेल. किमान तिमाहीतून एकदा बाहेरच्या माणसाने पाहणी करावी, अशी तरतूद करारात ठेवा.

ताळेबंद:
तिमाही पाहणीला माझी हरकत नाही, मात्र तिचे मोजमाप क्रमवारीत नको. फोन उचलल्यावर ‘आमची माहिती कुठे मिळाली?’ एवढे विचारून आरक्षणाच्या वहीत एक रकाना वाढवावा. पुढच्या हंगामानंतर त्या रकान्यात ‘गूगल’ किती वेळा आले, त्यावर एजन्सीचे पैसे वाढवावेत की थांबवावेत हे ठरेल.

शोधयंत्री:
त्या रकान्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. गूगलवर तुमचे नाव पाहून पुढे ॲपवरून आरक्षण करणारा पाहुणा त्या वहीत ‘ॲप’ म्हणूनच नोंदला जाईल, आणि असे पाहुणे थोडे नसतात.