जपानी ‘सूर्य’ नीट येईना, मदत करा

टॉवेलवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आमच्याकडे एक जुना जपानी माग आलाय, त्याच्या पाटीवरची तारीख वाचता यावी म्हणून हे खूळ घेतलं. हिरागाना-काताकाना ही उच्चाराची अक्षरं झाली, कांजीत, म्हणजे चीनकडून आलेल्या अर्थाच्या अक्षरांत, पहिल्यालाच गाडी अडली. सूर्य किंवा दिवस असा अर्थ. उभा चौकोन, मधे एक आडवी रेघ, बास.

पोराच्या चौकटीच्या वहीत चार पानं भरली. चौकोन एका दमात काढला की शिकायचं अ‍ॅप लाल होतं, म्हणजे चूक. वर उच्चाराचा घोळ. रविवार म्हणजे ‘निचियोबी’, तीन अक्षरं, त्यात हेच पहिलं आणि हेच शेवटचं. पुढे ‘निचि’, मागे ‘बी’! एकटं असलं की ‘हि’. सगळं पाठ करायचं का ओ?

खडू_फळा:
रेघा चार. आधी डावी उभी. मग वरची आडवी आणि उजवी उभी मिळून एकच, कोपऱ्यात पेन उचलायचं नाही. मग मधली. तळाची सगळ्यात शेवटी; माणूस घरात आला की मगच दार लावायचं. आणि मधे दोन रेघा मारू नका, त्याचा ‘डोळा’ होतो. मी क्लासच्या चाचणीत रविवारला दोन डोळे लावले होते. बाईंनी वही वर्गभर फिरवली.

वाचनवेडी:
उच्चार सुटे पाठ करू नका, शब्द पाठ करा. आपला २ बघा: एकटा असला तर ‘दोन’, २रा म्हटलं की ‘दुसरा’, २५ मधे ‘पंचवीस’. कुणी तक्ता करून शिकवला होता का? ‘निचि’ चीनकडून आलेला, ‘हि’ जपानी घरचा. ‘बी’ म्हणजे तोच ‘हि’, जोडशब्दात मऊ झालेला. जगत् अधिक ईश जगदीश होतं ना, त्यातलाच प्रकार.

वार तर आपल्यासारखेच ग्रहांवरून आहेत. रविवारी सूर्य, सोमवारी चंद्र. मंगळवारी ‘आग’, कारण जपानीत मंगळ म्हणजे आगीचा तारा. शनी मातीचा.

टॉवेलवाला_सोलापूर:
आयला, सोम म्हणजे चंद्र हे मराठीतच कधी डोक्यात आलं नव्हतं!

दार शेवटी लावलं, अ‍ॅप हिरवं झालं. सकाळी पाटी पुसून बघितली. वर्ष, महिना, दिवस अशी तीन अक्षरं, शेवटचं आपलंच. आकडे मात्र गंजलेत. घरी वही बघून बायको म्हणते, एवढ्या खिडक्या कुणाच्या घराला?

आता चंद्र घेतो. त्याला खाली दार दिसत नाही, दोन पायच आहेत. तिथं काय करायचं?