मदत हवी आहे: फॉर्म असलेल्या पीडीएफमधला काळा मजकूर छपाईसाठी एकाच शाईत कसा आणायचा?

भरता येणारे रकाने, बटणं आणि लिंक असलेली ए४ आकाराची 48 पानी कार्यपुस्तिका ऑफसेटवर छापायची आहे. इनडिझाइनची मूळ फाइल उपलब्ध नाही, हातात फक्त 'इंटरॅक्टिव्ह' पर्यायाने एक्स्पोर्ट केलेली पीडीएफ आहे. म्हणजे सगळं आरजीबीत (पडद्यासाठीच्या रंगांत) आणि ब्लीड (कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेला भाग) नाही.

आतापर्यंत केलेलं: ॲक्रोबॅट प्रोमध्ये पुढे-मागे जाण्याची बटणं काढली, प्रीफ्लाइटमधून (छपाईपूर्व तपासणी-दुरुस्तीचं साधन) फॉर्म फील्ड फ्लॅटन केली, म्हणजे पानातच पक्की केली. रकान्यांच्या चौकटी जागच्या जागी राहिल्या, तिथे तक्रार नाही. फॉन्ट एम्बेड आहेत, चित्रं 300 पीपीआयची आहेत.

घोडं अडलंय ते काळ्या रंगावर. 'कन्व्हर्ट कलर्स'मध्ये 'प्रिझर्व्ह ब्लॅक' लावूनही आउटपुट प्रीव्ह्यूत मजकूर चारही शाईंच्या प्लेटांवर दिसतो. ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरने तपासलं तर अक्षरांचा आरजीबी रंग 0, 0, 0 नसून 35, 31, 32 आहे. मूळचा के 100 (फक्त काळी शाई, 100 टक्के) एक्स्पोर्ट होताना असा झाला असावा. शुद्ध काळा नसल्याने तो पर्याय त्याला ओळखतच नाही. 9 पॉइंटचा मजकूर चार शाईंत गेला तर नोंदणी (प्लेटांची एकमेकींशी जुळणी) जराशी हलली तरी कडा रंगीत दिसणार.

पानं चित्रात बदलण्याचा सल्ला कृपया नको, अक्षरं व्हेक्टरच हवीत. पांढरी पार्श्वभूमी असल्याने ब्लीडचा प्रश्न फक्त मुखपृष्ठापुरता आहे, ते नव्याने करेन.

फोटोंना धक्का न लावता फक्त 35, 31, 32 रंगाचा मजकूर आणि रेषा के 100 करणारा प्रीफ्लाइट फिक्सअप (आपोआप दुरुस्ती) कसा बनवायचा? की त्यासाठी पिटस्टॉप हे ॲक्रोबॅटचं वेगळं प्लगइनच लागेल?