आधी उभं राहून डॉपलर, मग लेसरचा विचार

तुमच्या आईंच्या पायातल्या फुगलेल्या शिरांसाठी (व्हेरिकोज व्हेन्स) ‘लेसर की पाय आवळून धरणारे घट्ट मोजे’ असं तुम्ही विचारलंय, पण त्याआधीचा प्रश्न राहिलाय. डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, उभं राहून केली होती का? आडवं झोपवून केली तर शिरेतल्या झडपेतून उलटं येणारं रक्त नीट कळत नाही. मांडीतल्या मोठ्या वरवरच्या शिरेत ते अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहत असेल तर झडप निकामी धरतात. खोलवरच्या शिरांत जुनी गुठळी नाही ना, हेही तिथेच दिसतं.

तुमच्या प्रश्नावर एकांनी लिहिलंय की मोजे वापरले की काम झालं. अर्धंच खरं. मोज्यांनी सूज नि ठणका कमी होतो, पण झडप दुरुस्त होत नाही. शिवाय आपल्या उन्हाळ्यात दिवसभर ते कोण घालणार! ब्रिटनच्या नाइस (NICE) या उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये क्रम असा सांगितला: आधी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी (दोन्हींत उष्णतेने शीर आतून बंद करतात), ते जमत नसेल तर शीर बंद करणाऱ्या फोमचं इंजेक्शन, मग शस्त्रक्रिया. हे काहीच शक्य नसेल तर मोजे.

घोट्याजवळ जखम असेल तर थांबू नका. २०१८ च्या एव्हरा चाचणीत पाय आवळणाऱ्या पट्ट्यांसोबत लवकर शीर बंद केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, उशिरा केलेल्यांची ८२ दिवसांत.

आईंना मधुमेह आहे म्हणालात, म्हणून घट्ट पट्टी बांधण्याआधी पायाच्या धमनीचा रक्तपुरवठा तपासून घ्याच. तो कमी असताना घट्ट बांधलं तर पायालाच धोका.

नुसत्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या रेषा असतील, तर घाई कसलीच नाही.