मलेरियावरची झाडपाल्याची औषधं: आधी काचेत तपासायची की रुग्णांत?

रानवेल: मालीत पिवळ्या धोत्र्याचा काढा गावकऱ्यांच्या अनुभवावरून निवडला, थेट रुग्णांत तपासला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३०१ रुग्ण होते. २८ दिवसांत दुसरं औषध लागलं नाही असे काढ्याच्या गटात ८९ टक्के, आर्टेसुनेट-अमोडियाक्विन या नेहमीच्या औषधाच्या गटात ९५ टक्के. आपल्याकडे अर्क काढला, काचेच्या भांड्यात वाढवलेल्या परजीवींवर आयसी-५० (म्हणजे त्यांची वाढ निम्मी करणारी मात्रा) मोजला, पेपर छापला की विषय संपतो. उलट्या क्रमाने का जाऊ नये?

सूक्ष्मदर्शी: दुसरं औषध लागलं नाही म्हणजे परजीवी गेले असं नाही. याच काढ्याच्या आधीच्या अभ्यासात ताप उतरलेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात परजीवी शिल्लक होते. तिकडे वारंवार मलेरिया होऊन थोडी प्रतिकारशक्ती येते, तीच उरलेलं काम करते. मुंबईकराला ती कुठून येणार? शिवाय याच झाडाच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने १९९८ मध्ये दिल्लीत ड्रॉप्सीची (अंगावर सूज आणणाऱ्या विषबाधेची) साथ आली होती.

रानवेल: बियांच्या तेलाचा दोष पानांवर नको, काढ्यात बी येऊ द्यायचं नाही, एवढंच. आणि काचेचं म्हणाल तर धोत्र्यातलं बर्बेरीन तिथे परजीवी झकास मारतं, पण पोटातून जेमतेम शोषलं जातं. उलट चिंगहाऊ, म्हणजे आर्टेमिसिनिन हे औषध देणारी चिनी वनस्पती, उकळून तपासलं असतं तर फेकूनच दिलं असतं. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, तेव्हा गुण दिसला.

प्रयोगवही: क्रमापेक्षा चाचणी कशी करतात ते बघा. सॅपोनिन (साबणासारखं फेसाळणारं द्रव्य) असलेला अर्क तांबड्या पेशीच फोडतो; पेशी गेली की परजीवीही मरतो आणि आयसी-५० देखणा येतो. म्हणून तोच अर्क निरोगी पेशींवरही ७२ तास ठेवायचा, अर्क विरघळवणारा डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या आत. परजीवीच्या ३डी७ या क्लोरोक्विनने मरणाऱ्या वाणासोबत क्लोरोक्विनला न जुमानणारा डीडी२ वाण घ्यायचा. यकृताच्या पेशींवरची विषारीपणाची मात्रा त्याच तक्त्यात हवी.

उंदरांचंही तेच. पोटात एक कोटी बाधित पेशी टोचायच्या, चार दिवस रोज डोस, पाचव्या दिवशी स्मिअर (काचपट्टीवर रक्त पसरून परजीवी मोजायचे). पण डोस किती? किलोला ५०० मिग्रॅ म्हणजे, उंदराचा डोस माणसासाठी बदलायला १२.३ ने भागून, ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे २.४ ग्रॅम अर्क. सातविणीच्या सालीतून ८ टक्के अर्क निघाला असं धरलं, तरी रोजची ३० ग्रॅम साल झाली. पाजून दाखवा!

सूक्ष्मदर्शी: हे पटलं. रुग्णांत जायचंच असेल तर २८ दिवस स्मिअर हवेत, आणि परजीवी परत दिसले तर जुनेच की नव्या डासाचे, हे पीसीआरने ठरवायचं. ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा रुग्ण गुंगीत गेला, की काढा तिथेच बंद.

रानवेल: तीन दिवस कशाला? फॅल्सिपॅरम या सर्वांत घातक मलेरियाच्या लहान मुलाला दुसऱ्याच दिवशी तपासा.