भाचीला फोटोवरून धमकी येतेय. तक्रारीचं आणि खर्चाचं काय?

सोलापूरची मावशी
माझी बहीण विड्या वळते. परवा तिच्या सुपात, पानांखाली दडवलेला भाचीचा मोबाईल सापडला. पोरगी 13 वर्षांची. इन्स्टाग्रामवर कुणीतरी गोड बोलून तिचे नको तसे फोटो मागवून घेतले आणि आता ‘आणखी पाठव, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो’ म्हणतोय. दोन दिवस तिच्या पोटात अन्न नाही. एका ठाण्यात गेलो तर म्हणाले, ‘अकाउंट बाहेरचं असेल, काही हाती लागणार नाही, उगाच पोरीचं नाव जाईल.’ वकिलाला पैसे कुठून आणायचे? बहीण एक दिवस घरी राहिली की तेवढी मजुरी बुडते.

अशोक चौक
फोटो एखाद्या जाणत्या माणसाला पाठवून ठेवा आणि मोबाईलवरचं सगळं पुसून टाका.

कोर्टातली ताई
नका हो, दोन्ही नका! पुसलं की पुरावा गेला. आणि मुलांचे असले फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67-बी खाली गुन्हा आहे. मावशी, धमकीची तारीख, वेळ आणि त्या अकाउंटचं नाव वहीत उतरवा, मोबाईल आहे तसा पोलिसांकडे द्या.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस आयुक्तांना पोस्टाने लेखी तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवा, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. नाव जायची भीती मनातून काढा, पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, मुलीची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

खटला सरकार चालवतं, विशेष सरकारी वकिलाला तुम्ही एक रुपया द्यायचा नाही. जलदगती विशेष न्यायालयांना महिलांच्या सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून पैसा येतो, पण तो तुमच्या बहिणीच्या रिक्षाभाड्यापर्यंत आपोआप पोचत नाही, याचाच मला राग येतो. 2020 च्या पॉक्सो नियमांत प्रवास, जेवण अशा तातडीच्या गरजांसाठी मदत आहे. बाल कल्याण समितीकडे लेखी मागा. शिफारस झाल्यावर आठवड्यात पैसे मिळायला हवेत. मुलीसोबत राहणारी सहायक व्यक्तीही तिथेच मागा.

सोलापूरची मावशी
उद्याच जातो. पोरगी एकच विचारतेय, पोलीस गणवेशात घरी येतील का? गल्लीत सगळे बघतील.

कोर्टातली ताई
नाही. जबाब साध्या कपड्यातच घ्यायचा, तोही घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने. पॉक्सोचं कलम 24. आई तिच्याजवळ बसू शकते. आज तिला एवढं सांगा आणि चार घास भरवा.