पाच वर्षं जिच्यासोबत गेम खेळलो, ती भिंतीपलीकडची निघाली. सांगू काय?

कुंदा (वडगाव, बेळगाव):
घरी विचारण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितोय.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये पबजीवर 'करदंट' नावाचा जोडीदार भेटला. करदंट म्हणजे आपल्याकडची मिठाई, नावावरूनच कळलं, आपल्या भागातला. माईक कधी लावायचा नाही, नुसतं लिहायचा: 'आलो थांब', 'मी बघतो, तू पळ'. मी मुलगाच समजत होतो. आपल्याकडं पोरीपण 'आलो, गेलो'च म्हणतात, खरं तेव्हा डोक्यातच आलं नाही. 30 ऑक्टोबरला पबजी भारतात बंद पडला. 2 जुलै 2021 ला त्याचाच भारतातला अवतार, बीजीएमआय आला आणि त्याच नावानं मला शोधून निरोप आला, 'आहेस काय?' ते आठ महिने मला किती जड गेले होते ते त्या दोन शब्दांनी कळलं.

गेममधल्या पोचिंकी गावात मी पडलो की गोळ्या झेलत येऊन उठवणार, स्वतःचं फर्स्ट एड माझ्यापुढं टाकणार. मागच्या वर्षी स्थळाचं बोलणं निघालं तेव्हा कळलं, ती मुलगी आहे. 'नकार देणार आहे. घरात कुणाला माहीत नाही, तुलाच सांगतो,' असं लिहिलं तिनं.

तीन आठवड्यांपूर्वी चुकून तिचा माईक चालू राहिला. मागाचा खडखडाट येत होता. आमच्या शेजारी माग आहे, तो आवाज लहानपणापासून भिंतीतून येतो, म्हणून लक्ष गेलं नाही. मग माग थांबला. भिंतीतला आधी, हेडफोनमधला क्षणभरानं. पाठोपाठ तिच्या आजीची कन्नडमधली हाक, 'ऊटक्के बा!', म्हणजे जेवायला ये. तीही दोनदा ऐकली. हात कापत होते माझे.

समोरासमोर आम्ही आजवर 'नळाला पाणी आलं काय?' 'आलंय की' एवढंच बोललोय. ती मला तुम्ही म्हणते. माझं तिच्यावर प्रेम आहे, हे आता लपवत नाही. खरं तिनं जे सांगितलं ते लांबच्या माणसाला समजून सांगितलं. आमच्या आया रोज नळावर भेटतात. गप्प बसलो तर फसवल्यासारखं होतंय.

खासबागची काकू:
तीन आठवडे थांबायला नको होतंस बाळा. आजच सांग, गेममध्येच सांग, दारात नको. दारात आई-आजीसमोर तिला चेहरा सांभाळत उभं राहावं लागेल. गेममध्ये तिला गप्प बसता येईल, उठून जाता येईल. प्रेमाचं आत्ता काढू नको. आधी तू कोण ते तिच्या पचनी पडू दे.

निपाणीकर:
काकूंचं बरोबर आहे. घरी कन्नड आहे याचं मनात घेऊ नको. माझ्या सासूबाई अकरा वर्षं माझ्याशी कन्नडच बोलतात, मी मराठीत उत्तर देतो, दोघांचं पोट भरतं. स्थळाची गोष्ट तेवढी जिवापाड सांभाळ. ती तुझ्या आईच्या कानावर गेली तर पोरीचं घरात राहणं अवघड होईल.

कुंदा:
काल रात्री लिहिलं, 'आजी ऊटक्के बा म्हणते ते मला दोनदा ऐकू येतं. एकदा हेडफोनमधून, एकदा भिंतीतून.' काही उत्तर नाही. पाच मिनिटांनी ती ऑफलाईन गेली. रात्रभर झोप नाही.

पहाटे साडेपाचला पाणी आलं. मी पाईप लावत होतो, ती कळशी घेऊन आली. दोघांच्या घरचे आत होते. हळू आवाजात म्हणाली, "स्थळाचं कुणाला बोललास?"

"नाही. कुणालाच नाही."

कळशी भरेपर्यंत काही बोलली नाही. ती कमरेवर घेतली आणि म्हणाली, "बरं. रात्री नऊला येतो."